मोहरीएवढा मावळा



दिवाळी संपली तरी पुण्यातल्या वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारातले किल्ले आठ-दहा दिवस तसेच उभे असतात. गोणपाटावर लिंपलेल्या मातीला भेगा पडतात, पेरलेला अळीव पिवळा पडतो, बुरुज एका बाजूला खचतो. मला किल्ले बघायचे ते याच दिवसांत. गर्दी नसते, आणि कुणी कुठे काय मांडलंय ते निवांत बघता येतं.

आमच्या लहानपणी किल्ल्यावर मांडायच्या मूर्तींना आम्ही 'चित्रं' म्हणायचो. पुण्यात अजूनही म्हणतात. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून ती आणायची. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तुतारीवाला, तोफ, गौळण, औत हाकणारा शेतकरी आणि गुहेत बसवायला एक वाघ. हा वाघ बहुतेक वेळा घोड्यापेक्षा मोठा असायचा. महाराज तर इतके मोठे की महादरवाज्यातून त्यांना आत नेणं अशक्य. ते थेट वरूनच तटाच्या आत उतरायचे. आम्हाला त्यात काही खटकत नसे. मोठा माणूस मोठाच दिसायला हवा, असा साधा हिशोब!

एकदा वर्गात मुलांकडून एक गणित करून घेतलं होतं. सिंहगड पायथ्यापासून साधारण साडेसातशे मीटर उंच. मातीचा मावळा तीन इंचांचा धरला, तर त्या मापाने सिंहगड केवढा करावा लागेल? उत्तर आलं सुमारे चौतीस मीटर, म्हणजे दहा-अकरा मजली इमारत. मग उलटं गणित घातलं. आपला किल्ला तीन फूट उंच आहे, तर मावळा केवढा हवा? उत्तर आलं दोन मिलिमीटर. एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, म्हणजे मोहरीचा दाणा." अगदी बरोबर! जी मोहरी आपण गवत म्हणून पेरतो, तिचा एकेक दाणा म्हणजे खऱ्या मापाचा मावळा. एवढ्या दाण्याने तो कडा चढायचा. त्या दिवशी वर्गात तानाजी मालुसऱ्यांचा धडा वेगळाच झाला.

हे सगळं आज आठवायचं कारण आमचा नातू. तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. रविवारी त्याचे चार-पाच मित्रमैत्रिणी आमच्याकडे जमतात आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. (मी पोहे करते आणि ऐकत बसते.) इंग्रजीत या जातीच्या खेळांना रोल प्लेइंग गेम म्हणतात. मी त्याला 'सोंगाचा खेळ' म्हणते. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, बाकीचे एकेका पात्राचं सोंग घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. इथवर सगळं तोंडीच. पण गोष्टीत लढाई सुरू झाली की टेबलावर चौकटींचा कागद येतो, त्यावर बोटाच्या पेराएवढी चित्रं उभी राहतात आणि एक चौकोन म्हणजे पाच फूट असा हिशोब सुरू होतो.

यावरून या मुलांमध्ये कायमची भांडणं. निम्म्यांना कागद आणि चित्रं हवीत, निम्म्यांना नकोत. नातू नको म्हणणाऱ्यांतला. "आजी, नकाशा मांडला की सगळे बोलायचे थांबतात आणि चौकोन मोजत बसतात. बुद्धिबळ होतं त्याचं." दुसरी बाजू म्हणते, नकाशा नसला की कोण कुठे उभा आहे यावरच अर्धा तास वाद होतो. मला वाटलं होतं, हे आजकालच्या पोरांचं काहीतरी. थोडं वाचल्यावर कळलं की हे भांडण दोनशे-अडीचशे वर्षांचं आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या पुण्यातही येऊन पोचतं.

सुरुवात बुद्धिबळापासूनच करावी लागते. आपलं चतुरंग म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ, सैन्याची चार अंगं. पण बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाही, नदी नाही, चिखल नाही. दोन्ही बाजू सारख्या आणि दोघांना सगळं दिसतं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे हेलविग नावाचे गणिताचे अध्यापक होते. त्यांना बुद्धिबळातली ही उणीव जाणवली. १७८० साली त्यांनी तब्बल १६१७ चौकोनांचा पट केला आणि डोंगर, पाणी, दलदल यांना वेगवेगळे रंग दिले. पुढे प्रशियात रायस्विट्झ नावाच्या सरदाराने १८१२ मध्ये राजासमोर एक टेबल मांडलं. त्यावर जमिनीचे चढउतार दाखवणारे साचे होते, हवे तसे जुळवता येणारे. त्याच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये चौकोन काढूनच टाकले आणि खरे नकाशे वापरले, १:८००० या प्रमाणाचे. लाल आणि निळे ठोकळे म्हणजे दोन सैन्यं. एक चाल म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. या खेळाचं नाव 'क्रीग्जश्पील', म्हणजे युद्धखेळ. सेनापतींनी तो पाहिला आणि साऱ्या सैन्याला शिकवायची शिफारस केली.

या खेळातली खरी नवी गोष्ट नकाशा नव्हती, ठोकळेही नव्हते. दोन खेळाडूंच्या मध्ये एक पंच बसवला होता. खेळाडूंनी हुकूम लिहून त्याच्याकडे द्यायचे. शत्रूचे ठोकळे तुमच्या नकाशावर कधी ठेवायचे ते पंच ठरवणार. टेकडीपलीकडची पलटण तुमच्या शिपायांना दिसणार नसेल, तर तुम्हालाही दिसणार नाही. सगळं माहीत असलेला माणूस एकच, आणि तो खेळत नाही!

ही कल्पना फिरत फिरत अमेरिकेत पोचली. वाटेत एच. जी. वेल्स भेटतात. 'टाइम मशीन'वाले तेच. त्यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांचा आणि स्प्रिंगच्या तोफेचा घरगुती खेळ लोकांपुढे ठेवला. मोठ्या युद्धांपेक्षा ही दिवाणखान्यातली लढाई किती बरी, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझली यांनी एका खेळात प्रत्येकाला पलटणीऐवजी एकेक माणूस दिला. तिथून डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापलं. पहिली आवृत्ती फक्त हजार प्रतींची होती. त्यात अंतरं इंचांत दिली होती, कारण चित्रं टेबलावर सरकवायची होती. तळघरात एक इंच म्हणजे दहा फूट आणि उघड्यावर दहा यार्ड. आणि गंमत ऐका. या खेळातले काही प्रसिद्ध राक्षस स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचले आहेत. किरकोळ दुकानात पिशवीत मिळणारे विचित्र प्राणी गायगॅक्सनी टेबलावर ठेवले आणि त्यांना नावं व गुण दिले. आपल्या किल्ल्यातला घोड्यापेक्षा मोठा वाघ काय वेगळा?

पुढे आवृत्त्या बदलल्या तसं पारडं इकडून तिकडे झुकत राहिलं. २००० सालच्या आवृत्तीत पाच फुटांचा चौकोन पक्का झाला, २००८ च्या आवृत्तीत तर चौकोनांशिवाय लढाई खेळणं जवळजवळ अशक्य झालं, आणि २०१४ मध्ये पुन्हा नकाशा ऐच्छिक झाला. म्हणजे आमच्या घरातलं भांडण खेळ करणाऱ्यांनाही सुटलेलं नाही.

आता पुण्याकडे वळू. दुसऱ्या बाजीरावांसाठी त्रिवेंगडाचार्य नावाच्या शास्त्रीबुवांनी बुद्धिबळावर 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचं इंग्रजी रूप १८१४ मध्ये मुंबईत छापलं गेलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली आणि पेशव्यांनी ती पर्वतीवरून पाहिली. पर्वतीपासून खडकी-गणेशखिंडीचा तो माळ सहा-सात किलोमीटरवर. वरून सैन्य पटावरच्या सोंगट्यांसारखं दिसलं असेल. मराठ्यांची संख्या कितीतरी पटींनी जास्त. घोडदळाची लाट सुटली ती कुणालाही धडकी भरवणारी होती, असं त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने हजर असलेल्या ग्रँट डफच्या इतिहासातूनही कळतं. पण इंग्रजांच्या रांगेपुढे एक दलदल होती. दौडत येणारे घोडे तिच्यात रुतले, एकमेकांवर आदळले आणि हल्ला तिथेच मोडला. हेलविगने सदतीस वर्षांपूर्वी आपल्या पटावर दलदल रंगवली होती ती उगीच नाही. पर्वतीवरून माणसं दिसतात, चिखल दिसत नाही.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, मग आपण एक पुण्याचीच लढाई खेळून बघू. तू सांगशील ती." मी लाल महाल सुचवला. दुसरं काय सुचवणार? चार भिंतींच्या आत, रात्रीच्या काळोखात, मोजक्या माणसांनिशी केलेला छापा. या मुलांचा खेळ याहून वेगळा काय असतो?

तारीख ५ एप्रिल १६६३. शाइस्ताखान १६६० पासून पुण्यात ठाण मांडून होता आणि राहायला होता लाल महालात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या लहानपणीच्या घरात. मूळ वाडा आज नाही. आत्ता कसब्यात आहे तो महापालिकेने १९८० च्या दशकात बांधला. तेव्हा त्या काळच्या लोकांनी जे लिहून ठेवलं आणि यदुनाथ सरकारांनी जे एकत्र केलं, त्यावरून आम्ही ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर आराखडा केला. एका बाजूला मुदपाकखाना. त्याला लागून नोकरांच्या खोल्या. मधलं दार विटांनी बुजवलेलं. पलीकडे जनानखाना, आणि त्यात कनातींमागे कनाती, पडद्यांमागे पडदे. अंगणात पाण्याचा हौद. बाहेर नगारखाना. माळ्यावरची किल्ल्याची चित्रं काढून पाहिली, पण एकही चौकोनात मावेना! शेवटी मावळे म्हणून चिंचोके घेतले आणि पहारेकरी म्हणून शर्टाची बटणं.

पहिला डाव उघड्या नकाशावर झाला. नातवाचं भाकीत खरं ठरलं. कुणी बोललंच नाही. सगळ्यांना खानाची खोली दिसत होती, सगळ्यांनी चौकोन मोजले आणि पाच-सहा चालींत खान सापडला. मुलं खूश झाली. मी म्हटलं, "इतकं सोपं होतं तर महाराजांना तीन वर्षं थांबायला काय झालं होतं?"

दुसऱ्या डावाला नातू सूत्रधार झाला आणि मी त्याला प्रशियाच्या पंचाची युक्ती सांगितली. सगळा नकाशा वर्तमानपत्राच्या तुकड्यांनी झाकला. चिंचोका जिथे पोचेल तेवढाच तुकडा उचलायचा. मशाल नसेल तर शेजारचा एकच चौकोन दिसणार. वाडा महाराजांच्या माहितीतला होता, म्हणून भिंती कुठे ते त्याने आधीच सांगून टाकलं. पण कनाती खानाच्या माणसांनी लावलेल्या. त्या कुठे आहेत, पलीकडे कोण झोपलंय, ते नाही सांगितलं.

आणि मग पोरं बोलायला लागली! रमजानचा महिना. पहाटेच्या जेवणासाठी आचारी लवकर उठणार, म्हणजे मुदपाकखान्यात आधी कोण जाणार? भिंत फोडताना आवाज होईल त्याचं काय? (आवाज झालाच होता. नोकरांनी जाऊन खानाला उठवलं, आणि आचारी उठले असतील म्हणून त्याने त्यांनाच झापलं, असं खाफीखान लिहितो.) एक मुलगा घाईने अंगणातून निघाला आणि त्याचे दोन चिंचोके हौदात पडले. सगळे हसले. मी त्यांना सांगितलं की खाफीखानाच्या हकिकतीतही काळोखात दोन मराठे हौदात पडतात. हसू थांबलं. एकाने नगारखाना गाठला आणि खानाचा हुकूम म्हणून नगारे वाजवायला लावले. हेसुद्धा तसंच घडलेलं आहे, आणि त्या गदारोळात कुणाला कुणाचं ऐकू येईना. शेवटी त्यांनी खान समजून भलत्यालाच मारलं. तेही तसंच घडलं होतं. दीड तास खेळ चालला.

त्यात एक क्षण असा आला की तो मला इथे लिहायलाच हवा. नातवाची एक मैत्रीण नकाशाकडे बघत म्हणाली, "आजी, हा जनानखाना ना? मग इथे बायका असणार. त्यांच्या सोंगट्या कुठायत?"

सोंगट्या नव्हत्या. किल्ल्याच्या चित्रांत एक गौळण असते, पण ती दूध विकायला. मी उठले, डब्यातून कवड्या काढल्या आणि सूत्रधाराला म्हटलं, कागदाखाली ठेव, कुठे ते सांगू नकोस. त्यानंतर खेळ बदलला. नातू म्हणायचा, "पडद्यामागे काहीतरी हललं. वार करणार?" आणि आधी फटाफट फासे टाकणारी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. काही वेळा वार केला, काही वेळा नाही. एकदा तुकडा उचलल्यावर खाली कवडी निघाली. कुणी काही बोललं नाही.

खेळ संपल्यावर सरकारांनी दिलेले आकडे मी वाचून दाखवले. मराठ्यांचे सहा मेले, चाळीस जखमी झाले. खानाचा मुलगा अबुल फतह मारला गेला, एक सरदार आणि चाळीसेक नोकर मारले गेले. काळोखात ओळख न पटता खानाच्या सहा बायका आणि दासी मारल्या गेल्या, आणखी आठ जखमी झाल्या. खान बोटांवर निभावला, कारण दासींनी त्याला ओढत सुरक्षित जागी नेलं. शाळेच्या धड्यात आपल्याला बोटं आठवतात. त्याला ओढून नेणाऱ्या बायका आठवत नाहीत आणि मेलेल्याही नाहीत. परस्त्रीचा मान राखण्याबद्दल ज्यांची ख्याती शत्रूच्या बखरकारांनीही नोंदवली, त्यांच्याच छाप्यात हे घडलं. काळोख म्हणजे काय असतो ते यावरून कळावं. यामुळे छाप्याचं धाडस तसूभरही कमी होत नाही. उलट ते कशाच्या तोंडावर केलेलं धाडस होतं हे समजतं.

नातवाच्या भांडणाला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. नकाशाने बोलणं थांबत नाही, उघड्या नकाशाने थांबतं. आणि नकाशाच नसता, नुसती तोंडी गोष्ट असती, तर "बायका कुठे आहेत?" हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. कागदावर जागा रिकामी दिसली म्हणून तो पडला. तोंडी गोष्टीत फक्त नायक हलतो. बाकीचे कुठे उभे होते हे विचारायची वेळच येत नाही. चित्र ठेवायचं म्हटलं की विचारावं लागतं, कोण, कुठे, किती अंतरावर, आणि त्याला काय दिसत होतं?

इतिहास शिकवण्याचंही तसंच आहे. आपण सगळे पर्वतीवर उभं राहून बघणारे. कोण जिंकलं, कोण हरलं, खान वाचला, गड आला, सगळं आपल्याला आधीच माहीत. म्हणून ते सगळं ठरलेलंच होतं असं मुलांना वाटतं आणि त्या माणसांचं मोठेपण उलट लहान होतं. पाच एप्रिलच्या रात्री मुदपाकखान्याच्या भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाला पलीकडचा एकही चौकोन दिसत नव्हता. त्याला पुढची तीनशे साठ वर्षं माहीत नव्हती. त्याच्या नजरेने बघायचं तर आपल्याला माहीत असलेलं थोडा वेळ वर्तमानपत्राच्या तुकड्याखाली झाकावं लागतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. यादीत नाव दिलंय ते नुसतं किल्ल्यांचं नाही, तर 'मराठा लष्करी भूप्रदेश' अशा अर्थाचं. तट-बुरुजांइतकंच महत्त्व डोंगरांना, खिंडींना, किनाऱ्याला. तेव्हा पुढच्या दिवाळीत मुलं किल्ला करतील तेव्हा मोठ्या माणसांनी त्यांना एवढंच विचारावं. महाराज सिंहासनावर छान बसलेत, पण गडावर पाणी कुठून येतं? हा पहारेकरी इथे उभा आहे, त्याला ती वाट दिसते का? आणि या किल्ल्यात बायका कुठे राहतात? मुलं बरोबर शोधून काढतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव.

असो. बरंच लांबलं. आमच्या ठाण्याच्या वन्संनी फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे शाडूचे जुने मावळे कापसात गुंडाळून ठेवलेले आहेत. तुमच्यापैकी कुणाकडे असे असतील तर त्यांची उंची मोजून जरूर कळवा. नातवाला चौकोन केवढा आखायचा ते ठरवायचंय. यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत पन्हाळा ते विशाळगड खेळायचा बेत आहे, आणि त्यासाठी दिवाणखाना पुरेल असं वाटत नाही.